नऊ जणांच्या पोकरमध्ये सगळ्यात आधी बोलायचं असेल तर कोणती पानं खेळावीत?

खारघरला सोसायटीच्या क्लबहाउसात नऊ जण नुसत्या चिप्सवर टेक्सास होल्डेम (हातात दोन पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच) खेळता आणि बिग ब्लाइंडच्या (पानं बघण्याआधीच चिप्स भराव्या लागणाऱ्या दोन ब्लाइंडवाल्यांपैकी मोठी रक्कम भरणाऱ्याच्या) शेजारी पहिलं बोलायची, म्हणजे चाल करायची, पाळी आली की राजा-गुलाम घेऊन दर वेळी अडकता, असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही पानं वेगळ्या जातीची असतील तर त्या जागेवरून ती सरळ टाकून द्या. कारण नीट समजून घ्या, बाकीची निवडही त्यावरूनच होते.

तुमच्यानंतर आठ जण बोलायचे असतात. राण्या, राजे, एक्के यांच्या जोड्या आणि एक्का-राजा एवढीच पानं भारी धरली, तरी आठांपैकी निदान एकाच्या हातात ती असण्याची शक्यता साधारण 19 टक्के. बटणावर (डीलरच्या जागेवर) असताना तुमच्यापर्यंत सगळ्यांनी फोल्ड केलं, म्हणजे पानं टाकली, असेल तर मागे दोघंच, आणि तीच शक्यता 5 टक्के. शिवाय फ्लॉपनंतर (मधली पहिली तीन पानं उघडल्यावर) ब्लाइंडवाले सोडले तर बाकी सगळे तुमची चाल बघून आपली ठरवणार.

समजा, राजा-गुलामवर तुम्ही रेझ केलंत (पैज वाढवलीत), एकाने कॉल केलं (तेवढ्याच चिप्स घातल्या) आणि फ्लॉपवर राजा, अठ्ठी, तिर्री आली. वरची जोडी लागली म्हणून तुम्ही बेट लावता. ज्याला काहीच लागलं नाही तो लगेच फोल्ड करतो. टर्न आणि रिव्हरलाही (मधल्या चौथ्या आणि पाचव्या पानाला) चिप्स घालत राहतो तो बहुतेक एक्का-राजा किंवा राजा-राणीवाला. म्हणजे जिंकलात तर लहान पॉट (मधे जमलेल्या चिप्स), हरलात तर मोठा. एक्का-राजासमोर राजा-गुलाम चारात एकदाच टिकतो. एक्का-दश्शी ऑफसुटची (वेगळ्या जातींची) गतही हीच.

समोर 100 बिग ब्लाइंडएवढ्या चिप्स असतील तर मी या जागेवरून एवढंच खेळेन: सत्तीपासून एक्क्यापर्यंतच्या जोड्या, सुटेड (एकाच जातीची) एक्का-दश्शी ते एक्का-राजा, सुटेड राजा-राणी आणि राजा-गुलाम, ऑफसुटमध्ये फक्त एक्का-राजा आणि एक्का-राणी. दोन पानांच्या 1326 जुळण्यांपैकी या 96, म्हणजे 7 टक्के. चौदा डावांत एकदा खेळणं कंटाळवाणं वाटतं, आणि नेमक्या त्या कंटाळ्यातच कच्ची पानं आत येतात.

सुटेडचा मोह आवरा. फ्लॉपवरच फ्लश (एकाच जातीची पाच पानं) पूर्ण व्हायची शक्यता 1 टक्क्याहून कमी आहे. राजा-सत्ती एकाच जातीची असली म्हणून खेळण्याजोगी होत नाही.

दुर्री ते छक्कीच्या जोड्या टेबल बघून. फ्लॉपवर तिसरं पान लागतं आठ-नऊ वेळांत एकदा. मागचे नुसते कॉल करणारे असतील आणि सगळ्यांकडे भरपूर चिप्स असतील तर चालतात, पण कोणी सारखं री-रेझ करत (रेझवर आणखी वाढवत) असेल तर नाही.

पान कुठलंही असो, रेझ तीन बिग ब्लाइंडचंच ठेवा. एक्क्यांना चार आणि सत्तीला दोन केलंत तर मित्र आठवडाभरात ओळखतील. नुसतं कॉल करून आत शिरू नका, मागचे चार जण स्वस्तात येतात.

री-रेझ आलं की एक्का-राणी ऑफसुट आणि सत्ती, अठ्ठीच्या जोड्या सोडा. राण्यांपासून वरच्या जोड्या आणि एक्का-राजा पुढे न्या.

तीन जण आले नाहीत आणि टेबल सहाचं झालं, तर मागे पाचच उरतात. तेव्हा ऑफसुट एक्का-गुलाम आणि राजा-राणीही घ्यायला हरकत नाही.