इटालियनमधले ‘पियाचेरे’ आणि आपले ‘आवडणे’

प्रश्न : मी इटालियनच्या वर्गाला जातो. ‘मला पिझ्झा आवडतो’ यासाठी मी ‘इयो पियाच्चो ला पीत्सा’ असे लिहिले, तेव्हा शिक्षिकांनी ते खोडून ‘मि पियाचे ला पीत्सा’ असे लिहून दिले. ‘इयो’ म्हणजे ‘मी’ असताना तो येथे का चालत नाही?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपण वाक्य इंग्रजीच्या साच्यात बसवले, म्हणून हा घोळ झाला. इंग्रजीत ज्याला आवडते तो कर्ता असतो. इटालियनमध्ये मात्र, मराठीप्रमाणेच, जी गोष्ट आवडते ती कर्ता असते आणि ज्याला आवडते त्याचे सर्वनाम ‘मला, तुला, त्याला, तिला’ या अर्थाच्या रूपात येते : मि, ति, ल्यी, ले. येथे ‘मि’ म्हणजे ‘मला’; आपल्या ‘मी’शी असलेल्या ध्वनिसाम्याने फसू नये. ‘इयो पियाच्चो’चा अर्थ ‘मी (कुणाला तरी) आवडतो’ असा होतो.

कर्ता वस्तू असल्यामुळे क्रियापद तिच्या वचनाप्रमाणे बदलते. एक पुस्तक आवडत असेल तर ‘मि पियाचे इल लीब्रो’, अनेक आवडत असतील तर ‘मि पियाच्चोनो इ लीब्री’. वाचन, चालणे अशी क्रिया आवडत असेल तर नेहमी एकवचनच : ‘मि पियाचे लेज्जेरे’. (यातील च ‘चहा’तला आहे, ‘चमच्या’तला नव्हे.)

भूतकाळात तर मराठी भाषकाला हे क्रियापद फारच जवळचे वाटावे. ‘चित्रपट आवडला, गोष्ट आवडली’ असे आपण म्हणतो, त्याच रीतीने इटालियनमध्ये पुल्लिंगी चित्रपटासाठी ‘मि ए पियाचूतो इल फिल्म’ आणि स्त्रीलिंगी गोष्टीसाठी ‘मि ए पियाचूता ला स्तोरिया’ असे म्हणतात. अनेकवचनात ‘ए’च्या जागी ‘सोनो’ येते आणि शेवट ‘पियाचूती’ किंवा ‘पियाचूते’ असा होतो. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना जे नियम म्हणून पाठ करावे लागते, ते आपल्या कानाला आधीच ठाऊक आहे. म्हणून या क्रियापदापुरते तरी मनात मराठी वाक्य आधी जुळवावे, असा माझा आग्रह आहे.

एका ठिकाणी मात्र मराठी उपयोगी पडत नाही. नामापूर्वीचे ‘इल’, ‘ला’, ‘इ’ हे उपपद आपल्याकडे नसल्यामुळे ते सहज गळते, आणि ‘मि पियाचे काफ्फे’ असे अशुद्ध वाक्य तयार होते. ते ‘मि पियाचे इल काफ्फे’ असे हवे.

‘मि दिस्पियाचे’ हे दिसायला याचे विरुद्धार्थी रूप असले तरी त्याचा अर्थ ‘मला वाईट वाटते, क्षमा असावी’ असा आहे. न आवडणे सांगण्यासाठी ‘नोन मि पियाचे’ म्हणावे. दुसऱ्याच्या आवडीला दुजोरा देताना ‘आंक् इयो’ नव्हे, तर ‘आंके आ मे’, म्हणजे ‘मलाही’, असे उत्तर द्यावे.