आर्चीचा आवाज घोगरा का येतो?

प्रश्न : मामांनी अमेरिकेहून आणलेल्या ‘ऑल इन द फॅमिली’ या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या सहा व्हीएचएस कॅसेट माळ्यावर सापडल्या. आमच्या व्हीसीआरवर चित्र फाटतं आणि खडूस आर्ची बंकर संथ, घोगरं बोलतो. कॅसेट गेल्या का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : बहुधा नाही. खूण आवाजातच आहे. अमेरिकेतली टेप एनटीएससी या टीव्ही-चित्राच्या पद्धतीची, म्हणजे ५२५ रेषा आणि सेकंदाला जवळपास ३० चित्रं. आपली पाल पद्धत ६२५ रेषांची, २५ चित्रांची. नुसता पाल चालवणारा व्हीसीआर ती टेप सावकाश ओढतो, म्हणून आवाज जाड होतो. आवाज नीट येऊन फक्त चित्र वर सरकत असतं किंवा रंग उडाले असते, तर टीव्हीकडे बोट दाखवलं असतं. तुम्हाला एनटीएससी चालवणारा व्हीसीआर हवा. घेण्याआधी तो ‘ईपी’ हा सावकाश वेग चालवतो का, तेही विचारा. टी-१२० कॅसेट एसपी या नेहमीच्या वेगात दोन तास चालते, ईपीत सहा. टीव्हीवरून घरी भरलेल्या कॅसेट पुष्कळदा ईपीत असतात.

आता मात्र एकही कॅसेट लगेच लावू नका. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड पाहा. पांढुरके डाग म्हणजे बुरशी. ती व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते; डागाळलेली कॅसेट वेगळी काढा. माळा पत्र्याखाली असेल तर सोलापूरच्या उन्हाळ्यात टेपची कड लहरी झालेली असू शकते, मग चित्राच्या तळाशी पट्टे येतात. कॅसेट चांगली दिसली तरी आधी शेवटपर्यंत पुढे पळवा, मग पूर्ण मागे घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या टेपचा ताण त्याने सारखा होतो.

हेड पुसताना व्हीसीआरची पिन काढा. शॅमॉय चामड्याच्या तुकड्यावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, तुकडा ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या गोल नळकांड्याला, स्थिर टेकवा आणि ड्रम हाताने फिरवा. वर-खाली कधीही घासू नका, हेडचं नाजूक टोक तुटतं. कापसाची काडी नकोच, धागा अडकतो. पंधरा मिनिटं वाळू द्या.

संगणकावर उतरवताना पद्धत एनटीएससी आणि चित्राचा आकार ७२० बाय ४८०, असंच ठेवा.

प्रश्न : ‘ऑल इन द फॅमिली’तलं प्रेक्षकांचं हसणं खरं की मागून भरलेलं?
– एक वाचक, बाळीवेस

उत्तर : खरंच. १२ जानेवारी १९७१ला सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका व्हिडिओटेपवर, प्रेक्षकांसमोर नाटकासारखी चित्रित होत असे. शेवटच्या पर्वात आधी चित्रण करून मग ते प्रेक्षकांना दाखवलं आणि त्यांचं हसणं घेतलं. टेपवरच्या चित्रणाची हालचाल सलग असते, म्हणून वरच्या वाचकांनीही लक्षात ठेवावं : संगणकावर डीइंटरलेस करताना, म्हणजे एकाआड एक रेषांच्या अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करताना, सेकंदाला ३० नव्हे, ६० फ्रेम निवडा. ३० घेतल्या तर स्वयंपाकघरातून दाराकडे धावणारी आर्चीची बायको एडिथ तुटक दिसते.