जुलाबानं मूल एका देशात मरतं, दुसऱ्यात का नाही?

2022 मध्ये जगात पाच वर्षांखालची सुमारे 49 लाख मुलं दगावली. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत जन्मणाऱ्या हजार मुलांपैकी 70 च्या आसपास मुलं पाचवा वाढदिवस पाहत नाहीत. श्रीमंत देशांत हाच आकडा 5 च्या आसपास आहे. मागच्या वेळी हे आकडे दिले, त्यावर बरेच प्रश्न आले. त्यातले पाच आज घेते.

प्रश्न : बहुतेक गरीब देश उष्ण कटिबंधात आहेत. तिथलं हवामान वेगळं, रोग वेगळे, कदाचित माणसांची प्रकृतीही वेगळी. मग या फरकाचं मूळ निसर्गातच नाही का?

थोडंसं आहे. आफ्रिकेत मलेरिया पसरवणारा डास माणसाच्याच रक्ताला चटावलेला आहे आणि तिथली हवा त्याला वर्षातले बरेच महिने मानवते. पण निसर्गाला सगळं श्रेय देण्याआधी जरा मागं जाऊन बघा. 1900 च्या सुमारास इंग्लंडमध्ये जन्मलेल्या हजार बाळांपैकी 150 च्या आसपास बाळं वर्षाच्या आत जात. आज जगातल्या एकाही देशाची अवस्था इतकी वाईट नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात मलेरिया होता, तो 1951 पर्यंत संपवला गेला. इटली तर 1970 साली मलेरियामुक्त जाहीर झाली. आणि सिंगापूर विषुववृत्ताला खेटून असूनही तिथला बालमृत्यू दर आज जगातल्या सर्वांत कमी दरांपैकी एक आहे. या देशांतल्या माणसांची प्रकृती शंभर वर्षांत बदलली नाही, हवामानही तेच राहिलं. बदललं ते पाणी, गटारं, घरं, अन्न आणि दवाखाना.

प्रश्न : जुलाब तर सगळीकडच्या मुलांना होतात. औषधही स्वस्त आहे. तरी त्यानं मुलं मरतात, हे पटतच नाही.

हे पटू नये असंच आहे. म्हणून थोडं सविस्तर सांगते.

जुलाबात मूल मरतं ते शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. आतड्यात साखर आणि मीठ जोडीनं शोषले जातात, आणि त्यांच्यापाठोपाठ पाणी आत येतं. पटकीसारख्या (कॉलरा) रोगातही ही वाट शाबूत राहते. जलसंजीवनी, म्हणजे साखर आणि क्षार विरघळवलेलं पाणी, चालते ती याच आधारावर. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर आणि क्षारांची मिश्रणं बनवून ती पाण्यात विरघळवून पाजायला रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिली. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्याही खाली आलं.

याला पन्नास वर्षं उलटली. तरीही आज जुलाब झालेल्या मुलांपैकी निम्म्याहून कमी मुलांना जलसंजीवनी मिळते. हे मला कधीच सहजपणे लिहिता आलेलं नाही.

जलसंजीवनीची पुडी मिळणं हा शेवटचा टप्पा झाला. त्याआधी बरंच काही घडून गेलेलं असतं. पाणी दूषित, शौचालय नाही, म्हणून मुलाला वर्षातून अनेकदा जुलाब होतात. प्रत्येक वेळी ते थोडं खंगतं, आतड्याचं अस्तर झिजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. पुढच्या दुखण्याशी झुंजायला मग अंगात काही उरत नाही. मध्येच गोवर झाला तर प्रतिकारशक्ती आणखी ढासळते. पाच वर्षांखालच्या जवळजवळ निम्म्या मृत्यूंमागे कुपोषणाचा हात असतो, पण कागदावर कारण ‘जुलाब’ किंवा ‘न्यूमोनिया’ असंच लिहिलं जातं. श्रीमंत देशातलं मूल याच जंतूला वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या वेळी तोंड देतं, तेही भरल्या पोटानं. रोग एकच असला तरी दोघांच्या अंगातली शिल्लक सारखी नसते.

यातला सगळ्यात दुर्लक्षित दुवा आई. शाळेत गेलेल्या आईची मुलं जगण्याची शक्यता जास्त असते, हे देशोदेशी दिसून आलं आहे. तिला खुणा लवकर कळतात, आणि घरात तिचा शब्द थोडा तरी चालतो. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं 1980 च्या दशकात कार्यकर्त्या दारोदार पाठवल्या. तीन बोटांच्या चिमटीत मीठ, मूठभर गूळ आणि मोजून पाणी, हे त्या प्रत्येक आईकडून करवून घेत. आयांना नंतर किती आठवतं यावर कार्यकर्तीचं मानधन ठरे. अशी 1 कोटी 20 लाखांहून अधिक घरं झाली. माझ्या मते आरोग्याच्या इतिहासातलं हे फार मोठं काम आहे.

प्रश्न : म्हणजे सगळा पैशाचाच खेळ. देश श्रीमंत झाला की आरोग्य आपोआप सुधारेल ना?

‘आपोआप’ या शब्दाशी माझं भांडण आहे. लोकसंख्येचे अभ्यासक सॅम्युएल प्रेस्टन यांनी 1975 मध्ये देशांचं उत्पन्न आणि आयुर्मान आलेखावर मांडलं. गरीब टोकाला उत्पन्न थोडं वाढलं तरी आयुर्मान झपकन चढतं, पुढे रेघ जवळपास आडवी होते. दुसरी गोष्ट जास्त मोलाची : दशकांमागून दशकं ती पूर्ण रेघच वर सरकत गेली. म्हणजे उत्पन्न तेवढंच असलं तरी लोक आधीपेक्षा जास्त जगू लागले. लस, प्रतिजैविकं, जंतूंचं ज्ञान यांमुळे हे झालं.

कोस्टा रिकाचं दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या चौथाईहून कमी आहे, पण तिथले लोक अमेरिकेतल्या लोकांपेक्षा जास्त जगतात. त्या देशानं 1948 मध्ये सैन्य बरखास्त केलं आणि पुढे वस्तीवस्तीला प्राथमिक आरोग्याची पथकं नेमली. उलट आफ्रिकेतल्या इक्वेटोरियल गिनीला तेलाचा पैसा भरपूर मिळाला, पण सामान्य माणसाचं आयुष्य त्या मानानं वाढलं नाही. श्रीमंत देशाच्या पोटातही ही दरी असतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका आयोगाच्या 2008 च्या अहवालात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराच्या कॅल्टन भागात पुरुषांचं आयुर्मान 54 वर्षं आणि काही किलोमीटरवरच्या लेन्झीत 82 वर्षं दिलं आहे. सरासरी पाहताना अशा वस्त्या दिसत नाहीत.

प्रश्न : गरीब देशांतले डॉक्टर, परिचारिका परदेशी जातात. दोष त्यांचाच नाही का?

दोष मी त्यांच्या माथी मारणार नाही. औषधं नाहीत, पगार वेळेवर नाही, रात्रपाळीला एकटी परिचारिका, अशा ठिकाणी कोण टिकेल? पण परिणाम भयंकर आहे. जगातल्या रोगांच्या ओझ्यापैकी 24 टक्के आफ्रिकेवर आणि आरोग्यसेवक मात्र फक्त 3 टक्के, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 मध्ये नोंदवलं होतं. श्रीमंत देश दुसऱ्याच्या खर्चानं शिकलेली माणसं नेतात. त्यांनी त्याची भरपाई करायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : कठोर वाटेल, पण विचारतो. मुलं वाचवली तर लोकसंख्या आणखी वाढणार नाही का?

हा प्रश्न बरेच जण मनात ठेवतात. तुम्ही विचारलात हे बरं झालं. जिथं मुलं जगतील याची खात्री नसते, तिथं आई-बाप जास्त मुलं होऊ देतात. मृत्यू कमी झाले की काही वर्षं लोकसंख्या वाढते, हे खरं. मग जन्मही कमी होतात. 1970 च्या सुमारास बांगलादेशात हजारी 200 हून अधिक मुलं पाच वर्षांच्या आत जात आणि एका बाईला सरासरी सहाहून अधिक मुलं होत. आज मृत्यूंचा आकडा हजारी 30 च्या आसपास आहे आणि मुलं सरासरी दोन. कुटुंब नियोजनाची साधनं, मुलींच्या शाळा, बायकांच्या हाती आलेली कमाई, या सगळ्याचा त्यात वाटा आहे. पण पहिली दोन मुलं जगतील असा भरवसा आल्याशिवाय ‘आता पुरे’ असं कुठली आई म्हणेल? चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ शिकलेल्या त्या आयांच्या लेकी आज स्वतः आया आहेत.