चूक सापडली, आता बोलायचं कसं?

प्रश्न : माझं वय १८. संस्थेच्या पोर्टलवर माझी गुणपत्रिका उघडली तेव्हा लिंकच्या शेवटी माझा नोंदणी क्रमांक दिसला. सहज शेवटचा आकडा बदलला, तर एका अनोळखी विद्यार्थिनीची गुणपत्रिका उघडली, तीही फोन नंबर आणि पत्त्यासकट. आणखी तीन-चार आकडे टाकून पाहिले. सगळ्यांचंच उघडं. मी निनावी अकाउंटवरून स्क्रीनशॉट टाकला, आकडा बदलला की काय होतं तेही लिहिलं. नाव मी पुसलं होतं. आता 'हॅकिंग करणाऱ्यावर कारवाई होईल' अशी सूचना संस्थेने काढली आहे. आई-बाबा म्हणतात, अकाउंट बंद कर आणि कॉम्प्युटरचा नाद सोड. मला मात्र याच क्षेत्रात जायचंय. मी गुन्हा केला का? खरं बोलायचं स्वातंत्र्य मला नाही का? कृपया नाव छापू नका.

उत्तर :

प्रिय मित्रा,

आधी एक काम कर, मग पुढचं वाच. तो स्क्रीनशॉट काढून टाक. नाव पुसलं असलंस तरी नोंदणी क्रमांक तसाच दिसत असेल, तर तो आणि तू सांगितलेली युक्ती एकत्र केली की त्या विद्यार्थिनीचा पत्ता कोणालाही मिळतो. संस्थेने तिची माहिती उघड्यावर ठेवली हे खरंच, पण ती कुठे आहे हे जगाला तू सांगितलंस. या प्रकरणात तिला कोणीच काही विचारलेलं नाही, संस्थेनेही नाही आणि तूही नाहीस. पोस्टमधला तुझा मजकूर, तारीख आणि वेळ यांची नोंद मात्र स्वतःकडे ठेव. इतरांच्या गुणपत्रिका उतरवून घेतल्या असशील तर त्या कोणालाही पाठवू नकोस. त्यांचं काय करायचं ते वकिलाला विचार, आणि संस्थेकडून लेखी नोटीस आली तर वकिलाशी बोलल्याशिवाय एक ओळही उत्तर देऊ नकोस.

आता गुन्ह्याचं. देशोदेशीचे कायदे वेगळे असले तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो : तुला परवानगी होती का? दार उघडं होतं की बंद, हा प्रश्न त्यानंतरचा. पहिला आकडा बदलला तेव्हा काय होईल हे तुला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांदा बदललास तेव्हा ठाऊक होतं. हा फरक तुला बारीक वाटेल, पण न्यायालयात सगळा वाद त्यावरच होऊ शकतो.

अगदी तुझ्यासारखंच एक प्रकरण अमेरिकेत घडलं आहे. २०१० साली एटी अँड टी या कंपनीच्या वेबसाइटला आयपॅडमधल्या सिमकार्डचा क्रमांक दिला की त्या ग्राहकाचा ईमेल पत्ता मिळत असे. दोन तरुणांना हे कळलं. पासवर्ड फोडावा लागला नाही, क्रमांक आपोआप बदलत राहणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, पुरली. त्यांनी १ लाख १४ हजारांच्या आसपास पत्ते गोळा केले आणि एका बातम्यांच्या वेबसाइटला दिले. एकाने गुन्हा कबूल केला. दुसऱ्याला २०१३ मध्ये ४१ महिन्यांची शिक्षा झाली. वर्षभराहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर, एप्रिल २०१४ मध्ये, ती रद्द झाली. पण कारण काय? खटला चुकीच्या राज्यात चालवला गेला होता. लिंकमधला आकडा बदलणं गुन्हा आहे की नाही, याचा निकाल त्यात लागलाच नाही. त्यामुळे 'सगळं उघडंच तर होतं' या वाक्यावर भिस्त ठेवू नकोस.

एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूने सांगतो. तुला सापडलेली चूक किरकोळ नाही. लॉगिन केलेला माणूस नक्की कोणाची माहिती पाहू शकतो, हे सर्व्हरने दर वेळी तपासायला हवं. तुमच्या पोर्टलवर ते तपासलंच जात नाही. वेब सुरक्षेत काम करणाऱ्या 'ओवॅस्प' या संस्थेच्या २०२१ च्या यादीत वेबसाइटच्या धोक्यांमध्ये हाच प्रकार पहिल्या क्रमांकावर होता. तुला नेमकं तेच दिसलं. तुझी नजर चांगली आहे, आणि आई-बाबांनी घाबरून ती झाकून टाकावी असं मला अजिबात वाटत नाही.

बोलायचं कसं, याची पद्धत या क्षेत्राने पुष्कळ ठेचा खाऊन घडवली आहे. १९८८ मध्ये 'मॉरिस वर्म' या प्रोग्रॅमने त्या वेळच्या इंटरनेटचा बराच भाग ठप्प केला. त्यानंतर लगेच अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा संकटांच्या समन्वयासाठी एक केंद्र सुरू झालं, आणि आता बहुतेक देशांत तशी राष्ट्रीय यंत्रणा आहे. चूक सापडली की आधी संबंधित संस्थेला लेखी कळवायचं : काय दिसलं, कसं दिसलं, धोका कोणाला आहे. चूक सिद्ध करायला लागेल तेवढंच पाहायचं, त्यापुढे एकही पान उघडायचं नाही. संस्था दाद देत नसेल तर राष्ट्रीय यंत्रणेकडे जायचं. दुरुस्तीसाठी मुदत द्यायची. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा गूगलचा 'प्रोजेक्ट झीरो' गट साधारणपणे ९० दिवस देतो, कार्नेगी मेलनच्या केंद्राची मुदत ४५ दिवसांची आहे. आणि मग जाहीर लिहायचं. हो, लिहायचंच. 'गप्प बस' हा सल्ला मी तुला देत नाही. मुदतीचा धाक नसता तर कित्येक कंपन्यांनी चुका वर्षानुवर्षं तशाच ठेवल्या असत्या. पद्धत पाळली की कारवाई होणारच नाही, अशी हमी मात्र मी देऊ शकत नाही. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यांनाही धमक्या आल्या आहेत. म्हणून प्रत्येक गोष्ट लेखी, आणि तारखेसह.

तू विचारतोस, खरं बोलायचं स्वातंत्र्य मला नाही का? आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातलं १९ वं कलम अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचं आहे. पण त्याच जाहीरनाम्यातलं १२ वं कलम खासगीपणाचं आहे. तुझी पोस्ट पहिल्याच्या आधाराने उभी होती, स्क्रीनशॉटने दुसरं मोडलं. लोक या दोन हक्कांना एकमेकांचे वैरी समजतात, आणि मला ते फार खटकतं. कारण पाळत असेल तिथे माणूस मोकळं बोलतच नाही.

अहमद मन्सूर यांचं उदाहरण घे. संयुक्त अरब अमिरातीतले हे मानवी हक्क कार्यकर्ते. ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांच्या आयफोनवर मेसेज आला : तुरुंगातल्या छळाची गुपितं हवी असतील तर लिंक उघडा. त्यांनी उघडली नाही. टोरांटो विद्यापीठातल्या 'सिटिझन लॅब' या संशोधन गटाकडे पाठवली. तिथल्या संशोधकांनी लुकआउट या कंपनीच्या साथीने ती उलगडली, तेव्हा तोवर कोणालाही माहीत नसलेल्या तीन त्रुटी एकापाठोपाठ वापरून फोनचा पूर्ण ताबा घेणारं पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर सापडलं. ॲपलने थोड्याच दिवसांत दुरुस्ती काढली आणि जगभरातले आयफोन त्या वाटेपुरते सुरक्षित झाले. मन्सूर यांना मात्र मार्च २०१७ मध्ये अटक झाली आणि पुढच्या वर्षी सोशल मीडियावरच्या लिखाणासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली.

यात हॅकिंग दोन्हीकडे आहे, हे बघ. ज्यांनी फोन फोडायचं हत्यार बनवलं आणि ज्यांनी ते उघडं पाडलं, त्यांचं ज्ञान जवळपास सारखंच. या क्षेत्रात शिरलास की पहिल्या प्रकारच्या नोकऱ्याही तुझ्यासमोर येतील, आणि त्यांचे पगार उत्तम असतात. कोणासाठी काम करणार नाही, हे आत्ताच मनाशी ठरवून ठेव. कर्जाचे हप्ते सुरू झाल्यावर ते ठरवणं फार कठीण जातं.

शिक्षणाचं बोलू. काही आठवड्यांत 'एथिकल हॅकर' करून देणाऱ्या कोर्समध्ये सध्या पैसे घालू नकोस. ते हत्यारं चालवायला शिकवतात, ते हत्यार का चालतं हे क्वचितच सांगतात. जमत असेल तर कॉम्प्युटर सायन्सची पदवी घे. नेटवर्क आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे विषय बहुतेक मुलं कंटाळून उरकतात, तू त्यांतच रमायला हवंस. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा कामापुरती यावी, सी ही भाषा मात्र मनापासून शीक, कारण मेमरीतल्या चुका तिथे कळतात. गणितात संख्या सिद्धांत (नंबर थिअरी) आणि संभाव्यता. हात साफ करायला मुद्दाम सदोष बनवलेल्या साइट असतात, ओवॅस्पची 'ज्यूस शॉप' फुकट आहे आणि ती स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवता येते. मुद्दाम ठेवलेल्या त्रुटी शोधून लपवलेली खूण मिळवायच्या 'कॅप्चर द फ्लॅग' स्पर्धा आहेत. १९९५ मध्ये नेटस्केपने चुका शोधणाऱ्यांना बक्षीस द्यायला सुरुवात केली, त्या प्रथेतून आज असंख्य बग बाउंटी योजना चालतात. त्यात कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे आधीच लिहिलेलं असतं. ती यादी म्हणजेच तुझी परवानगी. शब्द न् शब्द वाच.

आणि लिहायला शीक. चूक शोधणारे पुष्कळ असतात, ती समोरच्याला नीट पटवून देणारे थोडे. तुझं मला आलेलं पत्र स्वच्छ आहे, हा तुझा मोठा गुण आहे.

आई-बाबांना हे पत्र वाचायला दे. त्यांची भीती खोटी नाही. पण फोडाफोडी एवढंच या क्षेत्रात नसतं, हे त्यांना सांग. हल्ला झाल्यावर माग काढणारे असतात, एन्क्रिप्शनवर, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात लपवण्याच्या तंत्रावर, संशोधन करणारे असतात, माहिती कमीत कमी गोळा व्हावी अशी सॉफ्टवेअरची रचना करणारे असतात. २५ मे २०१८ पासून युरोपात लागू झालेल्या माहिती संरक्षण कायद्यामुळे अनेक संस्थांना त्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमावा लागतो, तिथे कायदा शिकलेल्यांनाही जागा आहे. पत्रकारांना आणि कार्यकर्त्यांना फोन सुरक्षित ठेवायला शिकवणाऱ्या संस्था आहेत. तुझ्या प्रश्नातली कळकळ पाहता, मला तू तिथे दिसतोस.

राहिलं निनावी अकाउंट. ते बंद करायची गरज नाही. नाव न सांगता बोलता येणं हासुद्धा अभिव्यक्तीचाच भाग आहे. फक्त पोर्टलच्या सर्व्हरवर तुझ्या लॉगिनची नोंद झालेली असणार, तेव्हा आपण अदृश्य आहोत असं मानून काही करू नकोस.

या आठवड्यात एवढं कर : आई किंवा बाबांना सोबत घेऊन वकिलाला भेट, आणि त्यांना दाखवून संस्थेला द्यायचं एक पानी पत्र तयार कर. त्यात चूक, ती दुरुस्त करण्याचा उपाय आणि ज्या विद्यार्थ्यांची माहिती उघडी राहिली त्या सगळ्यांना कळवण्याची मागणी, एवढ्या तीनच गोष्टी असू देत. तिसरी गाळू नकोस.