चोवीस ओळींचं गाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं मॉडेल उघडलं आणि आधी घाबरलोच. निपाणीकडच्या एका खेड्याच्या विजेच्या हिशेबासाठी बावन्न चल (बदलत्या राशी)! त्यातले निम्मे आकडे तू अंदाजाने भरलेस, हे तिसऱ्या पानावरच कळलं. अरे, अंदाज वाढवले म्हणून उत्तर नेमकं होतं होय?

आधी चोवीस ओळी आख, तासाला एक. येणारी वीज, खपणारी वीज, उरली तर बॅटरीत, कमी पडली तर ग्रीडमधून. बस्स. तुझ्या काकांचा पाच एचपीचा पंप घे: ३.७ किलोवॅट, थ्री फेज (पंप चालवणारी वीज) दिवसाला सात तास, म्हणजे साधारण २६ युनिट. एक किलोवॅटचं सोलर पॅनल दिवसाला चार युनिट देतं असं धर. साडेसहा किलोवॅट पुरेत, हे दिवसाच्या बेरजेवरूनच निघालं. पण थ्री फेजच्या वेळेप्रमाणे पंप रात्री चालला तर? बेरीज तीच, पॅनल तेवढंच. मात्र सगळे २६ युनिट बॅटरीतून काढायचे. बेरजेला ही बॅटरी दिसतच नाही, चोवीस ओळींना लगेच दिसते. किती बारकावा घ्यायचा, ते तू काय विचारतोयस त्यावर ठरव.

माझी फजिती सांगतो. सौंदत्तीच्या डोंगरावरच्या वाऱ्याचा हिशेब करताना मी दिवसाचा सरासरी वेग घेतला. साहेबांनी कागद परत पाठवला, समासात नुसतं '८?' लिहून. रात्रभर डोकं खाजवलं. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते: वेग दुप्पट, तर शक्ती आठपट. अर्धा दिवस सेकंदाला ४ मीटर आणि अर्धा दिवस ८ असेल, तर सरासरी ६, घन २१६. पण ६४ आणि ५१२ यांची सरासरी येते २८८. माझं उत्तर चौथाईने कमी! (पवनचक्की ठरावीक वेगापुढे जास्त वीज देत नाही, ती भानगड वेगळीच.)

वर्षाचे ३६५ दिवस नकोत, तीन पुरतील: पावसाळ्यातला, गाळप हंगामातला, उन्हाळ्यातला. पावसाळ्यात वारा जोरात आणि ऊन गायब. गाळप सुरू झालं की कारखान्यात उसाचा चोथा पेटतो, त्यावर वीज येते. उन्हाळ्यात पॅनलचं राज्य. फक्त तुझा प्रत्येक दिवस भरलेल्या बॅटरीने सुरू होतोय, तेवढं बघ. खानापूरकडे आठ-आठ दिवस झड लागते, तेव्हा दुसऱ्या सकाळी बॅटरीत काय उरलेलं असेल? तिथे एका दिवसाऐवजी सलग आठ घे.

रविवारी ये. शेतीपंपाला बिल येत नाही, त्यामुळे कागदावर काही मिळायचं नाही. महिनाभर थ्री फेज खरोखर कधी आली आणि कधी गेली, ते काकूंना विचारून लिहून आण. काकांना नको, ते छापील वेळाच सांगतील.