गरम तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि चटका नंतर जाणवतो. मेंदूला कळण्याआधीच हात हलतो कसा?

पोळ्या करताना तुम्हाला आलेला अनुभव अगदी खरा आहे, तो भास नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, मज्जातंतूंची तपासणी हे माझं रोजचं काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

हात मागे घेण्याचा हुकूम मेंदूकडून येतच नाही, तो मानेतल्या मज्जारज्जूतून, म्हणजे मेंदूपासून पाठीच्या कण्यातून खाली जाणाऱ्या मज्जातंतूंच्या दोरातून सुटतो. बोटाच्या कातडीत मज्जातंतूंची उघडी टोकं असतात. त्यांच्यावर टीआरपीव्ही१ नावाचं एक प्रथिन असतं, तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते उघडतं आणि तंतूत विजेचा संदेश सुरू होतो. (मिरचीतल्या कॅप्सेसिननेही हेच प्रथिन उघडतं, म्हणून ठेचा खाल्ला की तोंडात खरोखर आग होते. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये कॅप्सेसिनच्याच मदतीने ते शोधलं. २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासह मिळालं.)

हा संदेश मज्जारज्जूत शिरतो, तिथल्या मधल्या पेशींना भेटतो आणि तिथूनच दंडाच्या स्नायूंकडे हुकूम जातो. कोपर वाकवणारा स्नायू आखडतो आणि त्याच वेळी कोपर सरळ करणारा सैल सोडला जातो. दोन्ही एकदम ओढायला लागले तर हात जागचा हलणारच नाही. अनवाणी पायात काटा रुतला तर याच्याही पुढची गोष्ट घडते. तो पाय वर उचलला जातो आणि दुसरा आपोआप ताठ होऊन सगळं वजन पेलतो. पडायचं नाही याची तजवीजसुद्धा मज्जारज्जूच करून ठेवतो.

संदेशाची दुसरी वाट मेंदूकडे जाते. ती लांबची आहे, आणि तिथे पोचल्यावर कुठे लागलं, किती लागलं याची जाणीव तयार व्हायला आणखी वेळ लागतो. तोवर हात मागे आलेला असतो.

आता तुम्ही न विचारलेली, पण मला फार आवडणारी गोष्ट. पलंगाच्या पायाला करंगळी ठेचली की दुखणं दोनदा येतं, हे कधी लक्षात आलंय? आधी सुईसारखी कळ, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग खोलवरची ठणक. वेदना नेणारे तंतू दोन प्रकारचे आहेत. एका प्रकारावर मायलिनचं पातळ आवरण असतं, त्यातून संदेश सेकंदाला ५ ते ३० मीटर जातो. दुसऱ्यावर ते नसतं, तिथला वेग सेकंदाला जेमतेम १ मीटर. पायाच्या बोटापासून मज्जारज्जूपर्यंत अंतर साधारण मीटरभर, म्हणजे ठणक एक सेकंद मागाहून येते. स्पर्शाचे तंतू या दोन्हींपेक्षा वेगवान असतात. ठेच लागली की आपण जागा चोळतो आणि बरं वाटतं, तेही या स्पर्शतंतूंमुळे: त्यांचा संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाला अडवतो. मेलझॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली. तपशील पुढे बदलले, गाभा टिकला. भाजलेली जागा मात्र चोळू नका.

मेंदू वरून मज्जारज्जूला आवरही घालू शकतो. हातातली आमटीची वाटी चटका देत असते, तरी समोर लहान मूल बसलंय म्हणून आपण ती टाकत नाही, ओट्यापर्यंत नेतो.

मग प्रश्न पडतो, हात आपोआप सुटतोच, तर दुखायची गरज काय? ती पुढच्या चार दिवसांसाठी असते. दुखतं म्हणून आपण ते बोट जपतो, पाण्यात घालत नाही, दुसऱ्या हाताने काम करतो. कुष्ठरोगात वेदनेचे तंतू मरतात. बोटं झडतात ती रोगाने खाल्ल्यामुळे असं लोक मानत. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं जातात ती न कळलेल्या भाजण्या-कापण्यामुळे आणि त्यात झालेल्या जंतुसंसर्गामुळे.

आज माझ्यासमोर हेच मधुमेहात दिसतं. तपासणीत मी नायलॉनची जाड तार तळव्याला टेकवते; १० ग्रॅम दाब पडला की ती वाकते. डोळे मिटलेला पेशंट म्हणतो, "लावा ना." तार तेव्हा वाकलेली असते. अशा पायाने माणूस चपलेत खडा घेऊन दिवसभर फिरतो, मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालतो आणि रात्री मोज्याला ओल दिसते तेव्हा फोड कळतो. न दुखणारी जखम मला दुखणाऱ्या जखमेपेक्षा जास्त घाबरवते.

तुमच्या घरात कोणाला बरीच वर्षं साखर असेल तर रोज रात्री तळवे आणि बोटांमधल्या फटी बघा, वाकता येत नसेल तर आरसा धरा. आंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने पाहा. आणि तुमचं बोट पुन्हा भाजलं तर बर्फ, टूथपेस्ट काही नको, लगेच नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा.