चेलो ऐकायला गेलो आणि पियानोच जास्त ऐकू आला

प्रश्न : परवा आयुष्यात पहिल्यांदाच चेलो (व्हायोलिनसारखंच, पण मोठं आणि खालच्या सुराचं वाद्य) आणि पियानोच्या रिसायटलला, म्हणजे मैफिलीला गेलो होतो. बीथोव्हेनचा ए मेजर सोनाटा आणि ब्राम्सचा ई मायनर वाजवला. चेलोचा आवाज अजून कानात आहे, पण ब्राम्सच्या शेवटच्या भागात तो पियानोखाली दबून जात होता. साथीला बसलेल्याने जरा हळू वाजवायला नको का? आणि टाळ्या नक्की कधी वाजवायच्या? मी मध्येच वाजवल्या आणि एकटाच पडलो.
– एक वाचक

उत्तर : आधी टाळ्यांचं सांगते. सोनाटा म्हणजे काही भागांची मिळून एक रचना, तिचे सगळे भाग संपेपर्यंत थांबायचं एवढंच, आणि नक्की कळत नसेल तर चेलोवादकाच्या हाताकडे बघा, बो (तारांवर फिरवायचा गज) तारांपासून दूर जाऊन हात सैल खाली येईपर्यंत रचना चालूच आहे असं समजा. तुम्हाला आवडलं म्हणून हात आपोआप जुळले ना, मग त्यात लाज कसली!

आता मुख्य गोष्ट. पियानो इथे साथीला नाहीये हो. ब्राम्सने 1865 साली पूर्ण केलेल्या या सोनाटाच्या नावात पियानो आधी आणि चेलो नंतर आहे. शेवटच्या भागात तर सुरुवात एकटा पियानो करतो, तीच धून मग एकामागून एक आवाज उचलत जातात आणि अशा तीन आवाजांपैकी दोन पियानोच्या दोन हातांत असतात, चेलोकडे एकच, त्यामुळे गर्दीत तो हरवल्यासारखा वाटतो. हे चांगल्या चांगल्या वादकांनाही जड जातं. त्यात आजचा कॉन्सर्ट ग्रँड, मैफिलीतला मोठा पियानो, म्हणजे आत लोखंडी फ्रेम आणि तारांवर जवळजवळ 20 टनांचा ताण, बीथोव्हेनच्या वेळचा लाकडी फ्रेमचा पियानो याच्यापेक्षा कितीतरी हलका वाजायचा. म्हणजे पियानिस्टला जपून वाजवावं लागतं हे तुमचं बरोबरच आहे, पण दबकत वाजवलं तर रचनाच अर्धी होते.

बीथोव्हेनचा तो 1808 चा सोनाटा (ओपस, म्हणजे रचना क्रमांक, 69) घरी परत लावा आणि फक्त पहिलं मिनिट ऐका. चेलो एकटाच सुरू करतो, खालच्या पट्टीत, शांतपणे, पियानो गप्प. मग चेलो एक खालचा सूर नुसता धरून ठेवतो आणि त्याच्यावर पियानो बोलायला लागतो, बोलता बोलता एक छोटी मोकळी लकेर घेऊन थांबतो. आणि लगेच उलटं होतं, आता तीच धून पियानो म्हणतो आणि लकेर घ्यायची पाळी चेलोची! मला तर ही जागा इतकी आवडते की कितीही वेळा ऐकली तरी पोट भरत नाही. यात साथ कोण करतंय सांगा बरं?

याच सोनाटात टाळ्यांची एक अवघड जागा पण आहे, शेवटी जो संथ भाग येतो तो इतका छोटा आहे की आत्ता रंगेल म्हणेपर्यंत संपतो आणि न थांबता थेट वेगवान भागात शिरतो.

पुढच्या वेळी जमलं तर स्टेजकडे तोंड करून थोडं डावीकडे बसा, तिथून पियानिस्टचे हात दिसतात. आणि चेलोवादक सूर लावायच्या आधी पियानिस्ट त्याच्याकडे कसा बघतो, श्वास कसा दोघं एकदम घेतात, ते तिथून छान दिसतं.